लघवीचा नमुना घेणारी ती खिडकी पुन्हा उघडा

मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझ्या आईला पुन्हा उन्हाळी लागली. सकाळी साडेनऊला केसपेपर काढून आम्ही तालुक्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेलो, तर काचेवर कागद डकवलेला होता : 'लघवी कल्चरचे नमुने पुढील आदेशापर्यंत स्वीकारले जाणार नाहीत.' आतल्या ताईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "मॅडम, महिन्याला दोन-तीनच नमुने यायचे. तेवढ्यासाठी जिल्ह्याला पाठवणं परवडत नाही, असं वरून सांगितलंय."

माझ्या आईला एकच मूत्रपिंड आहे. डावं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून टाकावं लागलं. ते जाण्याआधी जवळजवळ तीन वर्षं तिला वारंवार लघवीचा संसर्ग होत होता आणि त्या तीन वर्षांत हेच कल्चर, म्हणजे लघवीत कुठला जंतू आहे ते शोधणारी तपासणी, तिला एकदाही कुणी लिहून दिलं नाही. नमुने का येत नव्हते, ते मला माझ्या घरातून कळलं आहे. आता नमुने येत नाहीत म्हणून सोयच बंद होते आहे. हे गप्प राहून पाहणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

जिल्ह्याचं, रुग्णालयाचं किंवा एकाही डॉक्टरांचं नाव मी लिहिलेलं नाही. कुणा एकाला उभं करून जाब विचारायचा माझा हेतू नाही. आईच्या वाटेत भेटलेली बहुतेक माणसं चांगली होती. गर्दीच्या ओपीडीत एका पेशंटला दोन मिनिटं मिळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आई भाजी विकते. आठवड्याला तीन गावांचे बाजार, त्यात मंगळवारचा सगळ्यात मोठा. पहाटे चारला उठून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, सातला पाल ठोकायचं आणि संध्याकाळी सहाला उठायचं. या अकरा तासांत ती पाणी पीत नसे. तांब्या शेजारीच असायचा, पण त्यातलं पाणी भाजीवर शिंपडायचं. प्यायलं की जावं लागणार, आणि बायकांना जायला तिथे जागा नाही. बाजाराच्या मागच्या अंगाला एक शौचालय बांधलेलं आहे, त्याला मी कायम कुलूपच पाहत आले. पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. बायका अंधार पडायची वाट बघतात. वीस रुपयांची पावती मात्र दर मंगळवारी प्रत्येक पालाची फाडली जाते.

जून २०२१ मध्ये आई पहिल्यांदा म्हणाली, "उन्हाळी लागलीय गं." आमच्याकडे लघवीच्या जळजळीला हाच शब्द, त्यामुळे तो आजार वाटतच नाही, उन्हाचा त्रास वाटतो. धण्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. उतार पडेना तेव्हा मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आल्या. बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग दवाखाना, लघवीची साधी तपासणी, 'पस सेल्स भरपूर' म्हणजे लघवीत पू, पाच दिवसांच्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या ती पत्र्याच्या डबीत पुढच्या वेळेसाठी ठेवून द्यायची. हे तिचं चुकलंच. पण तसं करू नका, हे तिला कुणी समजावून सांगितलंही नव्हतं.

२०२३ च्या पावसाळ्यात तिला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. कंबरेच्या वर डाव्या बाजूला जड वाटायचं. वजन उतरत गेलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आम्हाला वाटलं, वय झालं, दगदग झाली. दिवाळीत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४ आणि साखर २६०. तिला मधुमेह आहे, हे त्या दिवशी कळलं. सोनोग्राफी त्यानंतर सहा आठवड्यांनी झाली. तीत डाव्या मूत्रपिंडात हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला मुतखडा दिसला. आईला मुतखड्याची कळ एकदाही आली नव्हती. असे खडे पुष्कळदा कळ न देताच वाढतात, हे मला नंतर समजलं.

पुढे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅन झालं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा कॅन्सर असू शकतो, नाहीतर एक दुर्मिळ आजार आहे, तो असू शकतो, आणि मूत्रपिंड काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. डावं मूत्रपिंड सात टक्केच काम करत होतं, त्यामुळे ते ठेवण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशन पाच तास चाललं. मूत्रपिंड आतड्याला आणि पाठीच्या स्नायूला चिकटून बसलं होतं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. मग पॅथॉलॉजीच्या रिपोर्टसाठी बारा दिवस थांबलो. ते बारा दिवस मी आईसमोर 'कॅन्सर' हा शब्द उच्चारला नाही आणि तिने मला विचारला नाही. दोघींनाही माहीत होतं, हे आम्ही पुढे एकमेकींना सांगितलं.

रिपोर्टवर लिहून आलं : झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. कॅन्सर नव्हता.

हे नाव आपल्यापैकी डॉक्टर असलेल्यांना ठाऊक असेल. पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी मला जेवढं समजलं तेवढं सांगते. झँथो म्हणजे पिवळं. खड्यामुळे लघवीची वाट तुंबते, मागे साचलेल्या लघवीत जंतू मुक्काम ठोकतात आणि महिनोन् महिने धुमसत राहतात. शरीराच्या ज्या पेशी त्या घाणीचा निचरा करायला येतात, त्या चरबी गिळून फुगतात आणि तिथेच साठत जातात. मूत्रपिंडाचा मांसल भाग हळूहळू नाहीसा होऊन त्याच्या जागी पिवळा गर भरतो. सीटीमध्ये मधे अडकलेला खडा आणि भोवती फुगलेल्या पोकळ्या दिसतात. डॉक्टर त्याला अस्वलाच्या पंज्याची खूण म्हणतात. पुढे हा दाह मूत्रपिंडाबाहेरच्या चरबीत, स्नायूत, कधी आतड्यापर्यंत किंवा थेट कातडीपर्यंत वाट काढतो. हा आजार श्लागेनहाउफर नावाच्या डॉक्टरांनी १९१६ साली पहिल्यांदा नोंदवला. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, बहुतेक पन्नाशी-साठीत, आणि मधुमेह असला तर धोका वाढतो. आई तेव्हा चौपन्न वर्षांची होती.

दुर्मिळ तो आहेच. जुनाट मूत्रपिंडदाहाच्या शंभर रुग्णांत जेमतेम एक, असं पुस्तकं सांगतात. पण 'दुर्मिळ आहे हो, कुणाच्या लक्षात येणार' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की आता ते मला सहन होत नाही. आई या आजारापर्यंत ज्या वाटेने गेली त्या वाटेवर दुर्मिळ असं काही नव्हतं. लघवी तुंबवून बसणं, उन्हाळी, अर्धवट गोळ्या, न सापडलेली साखर, न दिसलेला खडा. आपल्या कुठल्याही ओपीडीत सकाळी दहा वाजता बाकावर बसलेल्या बायकांत हे सगळं सापडेल.

ऑपरेशननंतर आई घरी आली तेव्हा मी तिची कागदांची पिशवी जमिनीवर ओतली आणि तारखेप्रमाणे कागद लावले. मी शाळेत शिकवते, हजेरीपट नीट लावायची सवय आहे, तसंच केलं. तीन वर्षांत अकरा वेळा संसर्ग. चार दवाखाने, त्यातले दोन सरकारी. सात वेळा लघवीची साधी तपासणी. त्या सातपैकी पाच कागदांवर एक ओळ तशीच्या तशी होती : 'पीएच ८.०'.

त्या ओळीचा अर्थ मला आईच्या सर्जननी कागदावर आकृती काढून समजावला. लघवी बहुधा किंचित आम्ल असते, पीएच सहाच्या आसपास. प्रोटियस नावाचा जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतो, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते. अशा लघवीत मॅग्नेशियम आणि अमोनियमचे क्षार साकळतात आणि त्यांचा खडा बनतो. तो झपाट्याने वाढतो आणि जंतू त्याच्या आत घर करून राहतात. मग गोळ्यांनी लघवी चार दिवस साफ होते, पण खडा आहे तिथेच, जंतू आहेत तिथेच. शिळ्या नमुन्याचाही पीएच चढतो, नुसत्या त्या आकड्यावरून कुणी निदान करू नये, हेही त्यांनी बजावलं. पण वारंवार संसर्ग आणि वारंवार आठ, हे दोन्ही एकत्र दिसलं तर कल्चर आणि सोनोग्राफी करायलाच हवी होती, असं ते म्हणाले. पाच कागद होते. ते आमच्याच घरात पिशवीत पडून होते आणि आम्हाला वाचता येत नव्हते. ज्यांना वाचता येत होते, त्यांच्यासमोर एका वेळी एकच कागद आला.

माझ्या तक्रारी आता सरळ मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी, कल्चरची. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, की तो 'वारंवार होणारा' धरतात, एवढं डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. तिथून पुढे अंदाजाने गोळी देणं थांबायला हवं. कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं, हे कल्चर सांगतं, दोन-तीन दिवसांत सांगतं. तालुक्याच्या रुग्णालयात भिंतीवरच्या तपासण्यांच्या पाटीवर 'लघवी कल्चर' लिहिलेलं होतं. आईच्या केसपेपरवर ते कधी उतरलं नाही. ते लिहून द्यायचं कधी, याची कुणाला सूचना नाही, आठवण नाही. आणि मग नमुने कमी येतात म्हणून सोय बंद. मागणी नाही असं म्हणताना मागणी कुणी करायची होती, याचा विचार झाला का? आईने? तिला तो शब्द माहीत नव्हता.

दुसरी गोष्ट नमुना नेण्याची. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा, नाहीतर थंड ठेवायला हवा. फ्रिजच्या गारव्यात तो चोवीस तास टिकतो. म्हणजे एक बर्फाची पेटी पुरते. तालुक्याहून जिल्ह्याला इतर तपासण्यांचे नमुने आजही जातातच. त्याच गाडीत एक पेटी जास्त ठेवायला किती खर्च येतो, हे आपण हिशेब करून जाहीर करावं. गेल्या महिन्यात त्या खिडकीवरून परतल्यावर मी चहाच्या थर्मासात बर्फ भरला, त्यात डबी ठेवली आणि एसटीने बासष्ट किलोमीटरवरच्या खासगी लॅबमध्ये नेली. सातशे रुपये, जाण्या-येण्याचं भाडं आणि माझी एक रजा. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, त्याप्रमाणे गोळी मिळाली, आई बरी झाली. माझा पगार चालू आहे म्हणून हे जमलं. थर्मासमध्ये जे जमतं ते आपल्या खात्याला जमत नाही, हे मला पटत नाही.

तिसरी, सोनोग्राफी. तालुक्याला मशीन आहे. रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एक दिवस येतात आणि तो दिवस गरोदर बायकांसाठी असतो. त्यांना आधी घ्यायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण बाकीच्यांनी कुठे जायचं? आईला सहा आठवडे पुढची तारीख मिळाली, आणि त्या सहा आठवड्यांत तिचं तीन किलो वजन घटलं.

मेडिकलच्या दुकानांबद्दल थोडक्यात. प्रतिजैविकं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हा नियम आहे. आमच्या तालुक्यात ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळतात. 'दोन दिवसांच्या द्या' म्हटलं की पट्टी कात्रीने कापून देतात. यात दुकानदार जितके दोषी तितकेच आम्ही घेणारेही. पण तपासायला येणारं कुणी मी तरी पाहिलेलं नाही.

आणि बाजारातलं ते कुलूप. हा प्रश्न आरोग्याचा नाही, स्थानिक संस्थेचा आहे, असं सांगून मला दोनदा परत पाठवलं गेलं. म्हणूनच या पत्रात पहिलं नाव जिल्हाधिकाऱ्यांचं घातलंय. अकरा तास लघवी धरून ठेवणाऱ्या बाईला दवाखान्यात 'पाणी भरपूर प्या' असं सांगतात. आईलाही दर खेपेला सांगितलं. ती मान डोलवायची. घरी येऊन म्हणायची, "पिईन गं, पण बाजाराच्या दिवशी कुठं जाऊ?"

ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. ती योजना नसती तर आम्हाला जमीन गहाण टाकावी लागली असती. पण सरकारने एका मूत्रपिंडाच्या ऑपरेशनवर, पाच तासांच्या भुलीवर, रक्तावर, नऊ दिवसांच्या खाटेवर केलेला खर्च आणि वेळेवर केलेल्या दोन कल्चरचा आणि एका सोनोग्राफीचा खर्च, हे दोन्ही आकडे आपल्याच खात्याकडे आहेत. ते एकदा शेजारी ठेवून बघावेत.

आता मागण्या. काचेवरचा तो कागद काढा आणि कल्चरचे नमुने घेणं पुन्हा सुरू करा, नमुना थंड ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याला जाईल अशा सोयीसह. ही मागणी आजची आहे, तिला समिती नको. तालुक्याच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रत्येक ओपीडीत टेबलावर एक ओळ लावा : सहा महिन्यांत दुसरा संसर्ग असेल तर कल्चर, साखर आणि सोनोग्राफी. केसपेपरवर 'याआधी असा त्रास किती वेळा?' असा एक रकाना छापा. आईच्या बाबतीत हा एकच प्रश्न विचारला गेला असता तर बाकी सगळं बदललं असतं, असं मला आजही वाटतं. सोनोग्राफीचा आणखी एक दिवस द्या, निदान पंधरवड्यातून तरी. आशाताईंना एवढंच शिकवा, की कुणी बाई 'उन्हाळी लागलीय' म्हणाली तर तिला 'कितव्यांदा?' असं विचारायचं. त्या घरात जातात, बायका त्यांना सांगतात, डॉक्टरांना सांगत नाहीत. आणि बाजारातल्या शौचालयाचं कुलूप काढून तिथे पाणी आणि एक सफाई करणारं माणूस ठेवा. त्या वीस रुपयांच्या पावत्यांमधून हे होऊ शकतं का, ते तपासा.

खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही या पत्रातून हात जोडून विनंती आहे. मुतखड्यामुळे निकामी झालेलं मूत्रपिंड काढलंत तर ते पॅथॉलॉजीला पाठवाच. नाव कळलं म्हणून आम्हाला पुढे काय जपायचं ते कळलं. साखर सांभाळायची, दुखलं की वाटेल ती वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघायचं. आईने तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून हे सगळं खडूने लिहून ठेवलंय. 'क्रिएटिनिन' तिने 'किरटिनीन' असं लिहिलंय. मी ते दुरुस्त केलं नाही, तिला वाचता येतंय तेवढं पुरे.

या पत्राचं लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावं. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, एवढं त्यात असावं. 'कळवण्यात येईल' असं उत्तर कृपया पाठवू नये.

आई आता फक्त मंगळवारचा बाजार करते, तोही दुपारपर्यंत. तिच्या शेजारच्या पालावर एक बाई मिरच्या-लिंबं विकतात, वय पंचेचाळीसच्या आसपास. परवा त्या आईच्या कानाशी लागून म्हणाल्या, "अक्का, मलाबी उन्हाळी लागलीय, औंदा तिसऱ्यांदा." आईने तिथल्या तिथे मला फोन केला. येत्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी त्यांना घेऊन त्या खिडकीशी येणार आहे. नमुना थर्मासात असेल.

आपली,
एका भाजीवालीची मुलगी